ना हीटर, ना वीज: झाकणाच्या पेटीत घरीच रुजवा काड्या, तयार करा रोपे

थंडीत मिरचीचं बी टाकलं की शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. आठ-दहा दिवसांत उगवायचं ते बी पंधरा-वीस दिवस झाले तरी वर येत नाही. शेवटी उकरून बघावं, तर निम्मं बी कुजलेलं असतं. संकरित बियाण्याचं छोटं पाकीटही आता स्वस्त राहिलेलं नाही. उन्हाळी मिरची, टोमॅटो, वांग्याची रोपं टाकायची ती नेमकी डिसेंबर-जानेवारीत आणि निफाड, जळगावकडचा पारा दहा अंशांच्या खाली जातो तोही याच दिवसांत.

यावर घरच्या घरी करता येणारा एक सोपा उपाय म्हणजे पारदर्शक झाकणाची पेटी. नर्सरीवाले तिला ‘प्रोपगेटर’ म्हणतात. बाजारात हीटर बसवलेल्या पेट्याही मिळतात, पण बिनहीटरची, बिनविजेची पेटी घरातल्या टाकाऊ वस्तूंतून तयार होते. तिच्यात रोपंही होतात आणि गुलाब, मोगरा, अंजिराच्या काड्याही रुजतात. मात्र ही पेटी काय करते आणि काय करत नाही, हे आधी नीट समजून घेतलं पाहिजे. नाहीतर पेटी असूनही बी कुजतं आणि काड्या काळ्या पडतात.

पेटी ऊब देत नाही, ओल धरून ठेवते

झाकण लावलं म्हणजे आत गरम होतं, हा पहिला गैरसमज. हीटर नसलेल्या पेटीत रात्री आतलं तापमान जवळपास खोलीइतकंच असतं. पेटीचं खरं काम वेगळं आहे. ती आतली हवा दमट ठेवते.

झाडापासून तोडलेल्या काडीला मुळं नसतात. तिला पुरेसं पाणी ओढून घेता येत नाही, पण पानांतून पाणी उडत राहतं. म्हणून उघड्यावर लावलेली पानांची काडी दोन-तीन दिवसांत मान टाकते. झाकणाखाली हवा दमट असल्याने पानांतून पाणी उडणं कमी होतं आणि मुळं फुटेपर्यंत काडी तग धरते. बियाण्याचंही तसंच. वरचा थर वाळत नाही, त्यामुळे कोंब अर्ध्यात सुकत नाही.

कोकणात आंब्याचं कोवळ्या फांदीवरचं कलम बांधल्यावर काडीवर प्लॅस्टिकची लांबट पिशवी चढवतात, त्यामागचं तत्त्व हेच. ही युक्ती जुनीच आहे. १९व्या शतकात लंडनचे डॉक्टर नथॅनियल वॉर्ड यांनी काचेच्या बंद पेटीत रोपं जगतात हे दाखवलं. पुढे अशाच पेट्यांतून चीनमधली चहाची रोपं जहाजाने भारतात आली.

पेटी कशी बनवायची?

घरात जे असेल त्यातून बनवा:

- लहान पेटी: मिठाईचा किंवा केकचा पारदर्शक प्लॅस्टिकचा डबा. वीस-तीस रोपांना पुरतो.
- एक-दोन काड्यांसाठी: कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली मधोमध कापा. खालच्या भागात माध्यम भरा, वरचा भाग टोपीसारखा ठेवा. बाटलीचं बूच काढलं की हवेची खिडकी तयार.
- मोठी पेटी: टोमॅटो भरायचं प्लॅस्टिकचं क्रेट. आत प्रो-ट्रे किंवा कुंड्या ठेवा. वर तार किंवा बांबूच्या कामट्यांच्या दोन कमानी करून पांढरं पारदर्शक पॉलिथिन घाला. काड्यांसाठी आत निदान २० ते २५ सेंटीमीटर उंची हवी. पानं प्लॅस्टिकला चिकटली की तिथूनच बुरशी लागते.

ज्या भांड्यात माध्यम भरणार त्याच्या तळाला भोकं पाडायला विसरू नका. तळाशी पाणी साचलं की मुळाआधी बुरशी येते. जुने ट्रे, डबे साबणाच्या पाण्याने घासून कडक उन्हात वाळवूनच वापरावेत.

आत काय भरायचं?

शेतातली काळी माती पेटीत वापरू नये. ती पाणी धरते, घट्ट बसते आणि सोबत बुरशी, सूत्रकृमी, तणाचं बी घेऊन येते.

- रोपांसाठी: कोकोपीट. विटेसारखा दाबलेला ठोकळा पाण्यात भिजवून मोकळा करावा, एक-दोनदा स्वच्छ पाण्याने धुवून निथळू द्यावा, म्हणजे त्यातले क्षार कमी होतात. त्यात चाळलेलं, पूर्ण कुजलेलं गांडूळखत थोडं मिसळलं तरी चालतं.
- काड्यांसाठी: धुतलेली जाडी वाळू आणि कोकोपीट निम्मं-निम्मं. यात खत घालू नये. मुळं नसलेल्या काडीला खताचा उपयोग नसतो, उलट बुरशीला खाद्य मिळतं. वाळूवर उकळतं पाणी ओतून ती गार केली तर आणखी चांगलं.

ओल किती हवी, हे मुठीने तपासावं. मूठभर माध्यम घट्ट दाबलं की बोटांच्या फटीतून एखाद-दुसरा थेंब दिसावा. धार लागली तर पाणी जास्त झालं, भुगा होऊन सांडलं तर कमी आहे.

रोपं तयार करताना

१. प्रो-ट्रेच्या कप्प्यांत कोकोपीट हलक्या हाताने भरा, ठासू नका. बोटाने अर्धा ते एक सेंटीमीटर खड्डा करून प्रत्येक कप्प्यात एकच बी टाका.

२. घरचं बी असेल तर किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा या हिशेबाने चोळून घ्या. पाकिटातलं रंगीत बी कंपनीने आधीच बुरशीनाशक लावलेलं असतं. ते धुऊ नका, उघड्यावर ठेवू नका, लहान मुलांच्या हाती जाऊ देऊ नका आणि पेरून झालं की हात साबणाने धुवा.

३. वरून कोकोपीटचा पातळ थर द्या, बारीक फवाऱ्याने पाणी द्या आणि झाकण लावा. थंडीत पाणी कोमट असावं. रात्रभर गारठलेल्या टाकीचं पाणी नको.

४. तिसऱ्या दिवसापासून रोज सकाळी पाहा. ऊबदार हवेत टोमॅटो साधारण ५ ते ७ दिवसांत, वांगी ७ ते १० दिवसांत, मिरची ८ ते १२ दिवसांत उगवते. या पिकांच्या बियाण्याला २५ ते ३० अंश तापमान मानवतं. त्याहून थंडी असेल तर दिवस वाढतात.

५. निम्म्याहून जास्त कोंब दिसले की झाकण काढा आणि ट्रे भरपूर उजेडात ठेवा. सर्वांत जास्त चूक इथेच होते. ‘अजून दोन दिवस राहू दे’ म्हणत झाकण ठेवलं की रोपं उंच, पांढुरकी, दोऱ्यासारखी होतात आणि एका रात्रीत जमिनीलगत आडवी पडतात.

घरात उजेड खिडकीच्या एकाच बाजूने येतो, म्हणून रोपं तिकडे वाकतात. ट्रे रोज अर्धा फिरवावा. शक्य तितक्या लवकर तो ओसरीत किंवा अंगणात, बारीक जाळीच्या (४० ते ५० मेश) आडोशाला हलवावा. फुलकिडे, पांढरी माशी रोपवाटिकेतच शिरली तर मिरचीचा चुरडामुरडा शेतात जाण्याआधीच रोपाला लागतो.

कारली, दोडका, भोपळा यांचं बी टणक असतं. ते रात्रभर पाण्यात भिजवून, मटकीला मोड आणतात तसं ओल्या फडक्यात बांधून ऊबेला ठेवावं. मोड दिसला की लावावं. या वेलींना मुळं हलवलेली चालत नाहीत, म्हणून मोठ्या कप्प्यात किंवा पिशवीतच बी टाकावं.

काडी कशी घ्यायची?

काड्या दोन प्रकारच्या आणि दोघींची गरज वेगळी.

पानांच्या, अर्धवट कोवळ्या काड्या: मोगरा, जास्वंद, शेवंती, तुळस, पानओवा, पुदिना. यांना झाकण हवंच. सकाळी लवकर, झाड पाणी पिऊन टवटवीत असताना १० ते १२ सेंटीमीटरची, दोन-तीन पेरांची काडी घ्यावी. फूल, कळी असेल तर काढावी. खालची पानं काढावीत, वर दोन-तीनच ठेवावीत. पान मोठं असेल तर ते निम्मं कापावं.

पिकलेल्या, पक्क्या काड्या: डाळिंब, अंजीर, द्राक्षाचा खुंट, तुती, बोगनवेल. पेन्सिलीच्या जाडीची, २० ते २५ सेंटीमीटरची काडी पानगळीनंतर, बहुतेक डिसेंबर-जानेवारीत घेतात. या काडीवर पानं नसतात, त्यामुळे तिला झाकणाची गरज कमी. उलट सतत बंद ओलीत ठेवली तर ती कुजते. पालवी फुटल्यावर कोवळी पानं सुकू नयेत इतपतच आडोसा पुरे.

खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ द्यावा आणि वरचा काप तिरका. यामुळे पाणी साचत नाही आणि काडीचं वर-खाली चुकत नाही. उलटी लावलेली काडी सहसा जगत नाही. कात्री किंवा चाकू धारदार हवा. बोथट कात्रीने काडी चेचते आणि तिथूनच सडते.

मुळं लवकर फुटावीत म्हणून कृषी सेवा केंद्रात आयबीए हे संजीवक भुकटीच्या रूपात मिळतं. काडी थेट डबीत न बुडवता थोडी भुकटी कागदावर घ्यावी, काडीचं खालचं टोक त्यात टेकवावं आणि झटकावं. कोवळ्या आणि पक्क्या काडीसाठी वेगळी तीव्रता असते, ती पाहून घ्यावी. कोरफडीचा गर, मध, दालचिनी लावणारेही आहेत, पण ते आयबीएची जागा घेत नाहीत. पुदिना, तुळस, शेवंती तर काहीही न लावता रुजतात.

नवं पान आलं म्हणजे मूळ आलं असं नाही

काडी आपल्यातल्या साठ्यावरच पालवी काढू शकते. लोक खूश होऊन झाकण काढतात आणि चौथ्या दिवशी काडी वाळते. मूळ आलं का, हे पाहायला काडी हलकेच वर ओढून बघावी. अडखळली तर मूळ धरलं. सटकन वर आली तर परत दाबून ठेवावी, रोज उपटून बघू नये.

पुदिना, तुळस, शेवंती साधारण १० ते १५ दिवसांत, मोगरा, जास्वंद चार ते सहा आठवड्यांत, अंजीर, डाळिंब सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात. थंडीत याहूनही उशीर लागतो. तोवर धीर धरावा लागतो.

मुळं आल्यावरही झाकण एकदम काढू नये. पहिल्या दिवशी तासभर, मग दोन तास, असं करत आठ-दहा दिवसांत पूर्ण उघडं करावं. मग हलकं ऊन, मग पूर्ण ऊन. दमट हवेत वाढलेलं पान बाहेरच्या वाऱ्याला सरावलेलं नसतं.

रोज सकाळची दोन मिनिटं

- झाकणाच्या आतून बारीक दव दिसलं तर ओल बरोबर आहे. धारा ओघळत असतील तर झाकण अर्धा तास उघडं ठेवा. झाकण कोरडं ठाक असेल तर पाणी फवारा.
- रोज पाच-दहा मिनिटं झाकण उघडून हवा बदला.
- गळलेलं पान, काळी पडलेली काडी, पांढरा बुरा दिसलेलं रोप लगेच उचलून बाहेर टाका. एक सडलं की शेजारचं सडतं.
- रोपं जमिनीलगत बारीक, काळपट होऊन कोलमडत असतील तर ती मर आहे. पाणी थांबवा, झाकण काढा, हवा खेळती ठेवा. पडलेली रोपं परत उभी राहत नाहीत, उरलेली वाचवायची.
- चिलटं घोंघावू लागली तर समजा वरचा थर सतत ओला राहतोय.
- मुंग्या बी उचलून नेतात. पेटी पाटावर किंवा स्टुलावर ठेवून पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. उंदरांपासून सांभाळा, भोपळावर्गीय बी त्यांना फार आवडतं.

थंडीत ऊब कुठून आणायची?

हीटर नाही, मग घरातल्याच उबेचा वापर करायचा:

- पेटी शहाबादी फरशीवर ठेवू नका. फरशी रात्रभर गारठा देते. खाली थर्माकोलचा तुकडा, लाकडी फळी किंवा दुमडलेलं पोतं घाला.
- स्वयंपाकघराचा कोपरा घरात सहसा सर्वांत ऊबदार असतो. चुलीची ऊब चालेल, धूर आणि थेट आच नको. फ्रिज असेल तर त्यावरची जागाही बरी.
- संध्याकाळी पेटीवर गोधडी किंवा घोंगडी टाका, सकाळी काढा.
- दुपारी उन्हात तापलेल्या पाण्याची बंद बाटली संध्याकाळी पेटीत ठेवली तर पुढचे काही तास ऊब मिळते.

मात्र ऊब द्यायची म्हणून पेटी थेट उन्हात ठेवू नका. बंद प्लॅस्टिकखाली ऊन कोंडलं जातं आणि हिवाळ्यातही दुपारी रोपं उकडतात. भरपूर उजेडाची सावली हीच तिची जागा. एप्रिल-मेच्या तडाख्यात विदर्भ-मराठवाड्यात काड्यांचा नाद न केलेलाच बरा. करायचंच असेल तर माठाच्या कोपऱ्यात, भोवती ओलं गोणपाट गुंडाळून. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा बहुतेक काड्या पेटीशिवाय सावलीतच रुजतात. म्हणजे पेटीची खरी गरज ऑक्टोबर ते फेब्रुवारी.

कशाला पेटी नको?

शेवग्याची मीटरभर लांब जाड फांदी थेट खड्ड्यात लावली तरी जगते. आंबा, चिकू, सीताफळ, जांभूळ यांच्या काड्या घरच्या पेटीत लावून सहसा हाती काही लागत नाही. आंब्याला कलमच बांधावं लागतं.

किती रोपांचा हिशेब बसतो?

मिरची ६० बाय ४५ सेंटीमीटरवर लावली तर एका गुंठ्यात साधारण ३७५ रोपं बसतात. ९८ कप्प्यांचे ४ ट्रे म्हणजे ३९२ कप्पे. कागदावर पुरतात, पण सगळं बी उगवत नाही आणि शेतात नांग्याही भराव्या लागतात. म्हणून ५ ट्रे धरावेत. एवढं काम ओसरीत सहज होतं.

एकरभराला मात्र याच अंतरावर १५ हजार रोपं, म्हणजे दीडशेहून जास्त ट्रे लागतात. ते घरातल्या पेटीचं काम नाही. त्यासाठी शेडनेट किंवा खात्रीची रोपवाटिकाच हवी. परसबाग, दोन-चार गुंठ्यांचा भाजीचा तुकडा, नांग्यांपुरती रोपं, बांधावरची फळझाडं, बचत गटाची फुलझाडं, एवढ्याला पेटी उत्तम.

सर्वांत महत्त्वाचं: काडीसोबत रोग आणू नका

काडी फुकट मिळते, पण ती कुठल्या झाडाची आहे हे पाहिलं नाही तर महागात पडते. काडीपासून झालेलं झाड आईझाडाचीच नक्कल असतं. गुण येतात, तसा रोगही येतो. डाळिंबाचा तेल्या हा जिवाणूजन्य रोग रोगट बागेतल्या काड्या आणि गुटीच्या रोपांतून नव्या बागेत पोचतो. एकदा शिरला की तो बाहेर काढणं फार अवघड. म्हणून पाहुण्यांच्या बागेत चार काड्या दिसल्या अन् घेऊन आलो, असं डाळिंबाच्या बाबतीत करू नये. फळावर, पानावर, खोडावर तेलकट-काळे डाग असलेल्या बागेतली काडी घेऊच नये. शेजारी बाग तेल्याने ग्रासलेली असेल तरी जपावं. डाळिंबाविषयी नेमकी माहिती सोलापूरच्या राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्राकडे मिळते. कागदी लिंबाच्या खैऱ्या रोगाचंही तसंच, डागाळलेल्या झाडाची कलमं टाळावीत. प्रत्येक झाडानंतर कात्री उकळत्या पाण्यातून किंवा स्पिरिटने पुसून घ्यावी.

आणखी दोन गोष्टी. संकरित टोमॅटो-मिरचीच्या फळातलं बी काढून पेटीत लावलं तर रोपं येतील, पण ती आईसारखी निघतीलच असं नाही. आणि घरापुरती कलमं केली तर प्रश्न नाही, पण फळझाडांची कलमं विकायची झाली तर रोपवाटिकेचा परवाना लागतो. त्याची माहिती तालुका कृषी अधिकारी कार्यालयात घ्यावी.

शेतात नेण्याआधी

ट्रेमधली टोमॅटोची रोपं साधारण २१ ते २५ दिवसांत, वांग्याची ३० ते ३५, मिरचीची ३५ ते ४० दिवसांत लागवडीला येतात. थंडीत आठवडाभर जास्त धरा. लागवडीच्या सात-आठ दिवस आधीपासून पाणी थोडं कमी करून रोपं उन्हा-वाऱ्याला काटक करावीत. पाच-सहा पानांचं, बुटकं, दणकट रोप उंच हिरव्यागार रोपापेक्षा जास्त जगतं. लागवड उन्हं कलल्यावर करावी.

रोपात काही वेगळं दिसलं तर औषध फवारण्याआधी त्याचा फोटो गावच्या सहायक कृषी अधिकाऱ्याला किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्राला दाखवावा. किसान कॉल सेंटरच्या १८००-१८०-१५५१ या टोल-फ्री क्रमांकावर मराठीतून विचारता येतं.

पहिल्याच खेपेला पाच ट्रे मांडण्यापेक्षा एका डब्यात वीस बिया आणि बाटलीत दोन मोगऱ्याच्या काड्या लावून बघाव्यात. आपल्या घराचा कोणता कोपरा ऊबदार आहे आणि आपला हात पाण्याला सढळ आहे की आखडता, हे तेवढ्यातच कळून येतं. पुढच्या खेपेला पाकीट फोडताना मग भीती राहत नाही.